लसणाचा तालुका, कांद्याचे शहर आणि बुलढाण्याची धनुष्ये

कर्लिंग या खेळाशी बुलढाणा जिल्ह्याचा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाणा शहराची हवा विदर्भाच्या मानाने थंड असेल, पण तिथली तळी गोठत नाहीत. गोठलेल्या तळ्यावर दगड सरकवण्याचा हा मूळचा स्कॉटिश खेळ इथल्या कोणाच्या स्वप्नातही येण्याचे कारण नाही. तरीही महिलांच्या जागतिक कर्लिंग स्पर्धेचा इतिहास या जिल्ह्याने जरा निरखून पाहावा, कारण या जिल्ह्याच्या गळ्याशी आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. जिल्ह्याच्या मुख्य गावात अजून रेल्वे नाही, शेती कापूस-सोयाबीनची, मोठे उद्योग मोजके. अशा ठिकाणी जागतिक दर्जाचा खेळाडू घडू शकतो का, आणि घडला तर तो कशामुळे घडतो? बहुतेकांचे उत्तर ‘गुणवत्ता’ आणि ‘जिद्द’ या दोन शब्दांवर संपते. पुरावा मात्र वेगळे सांगतो. जिल्ह्याने सगळ्या खेळांना चिमूट चिमूट वाटण्यापेक्षा फारसे कोणी खेळत नाही असे एक-दोन खेळ निवडावेत आणि वीस वर्षे सोडू नयेत, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

खेळ आधी समजून घेऊ. सुमारे ४५ मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशी बर्फाची पट्टी असते. पलीकडच्या टोकाला बर्फाखाली रंगवलेली एकात एक वर्तुळे असतात, त्यांना ‘हाऊस’ म्हणतात; सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ३.६६ मीटर. दगड ग्रॅनाइटचा, वजन २० किलोच्या जरा आत, वर धरायला मूठ. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आल्सा क्रेग नावाच्या निर्जन बेटावरचा ग्रॅनाइट यासाठी सर्वोत्तम मानतात, कारण तो पाणी शोषत नाही आणि टकरीने सहसा फुटत नाही. संघात चौघी, प्रत्येकीने दोन दगड टाकायचे. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड पडले की एक ‘एंड’ संपतो आणि असे दहा एंड खेळतात. ज्या संघाचा दगड केंद्राला सर्वांत जवळ, त्यालाच त्या एंडचे गुण, दुसऱ्याला शून्य. प्रतिस्पर्ध्याचा दगड ढकलायचा, आपला आडोशाला लपवायचा, शेवटचा हात आपल्याकडे राखायचा, हे सगळे कॅरम खेळणाऱ्याला लगेच कळेल. कळणार नाही ती झाडू मारण्याची गोष्ट. खेळाआधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून पृष्ठभाग पुरळ उठल्यासारखा होतो आणि दगड त्या कणांवरून जातो. दगड सोडताना मुठीला हलकी फिरकी देतात, म्हणून तो शेवटी शेवटी एका बाजूला वळतो. त्याच्यापुढे दोघी जणी कंबरेत वाकून, अंगाचा सगळा भार ब्रशवर टाकून बर्फ घासत धावतात. घर्षणाने बर्फ किंचित तापतो, दगड कमी वळतो आणि काही मीटर पुढे जातो. पलीकडे हाऊसपाशी उभी राहून त्या दोघींना ‘घासा’, ‘थांबा’, ‘आणखी’ असे ओरडून सांगणारी ती कर्णधार. तिला ‘स्किप’ म्हणतात. आपला ब्रश किंवा पाय चुकून दगडाला लागला तर ते खेळाडूने स्वतःच कबूल करावे अशी रीत आहे, आणि हार दिसू लागली की शेवटपर्यंत न ताणता हस्तांदोलन करून सामना सोडून देण्यात कमीपणा मानत नाहीत.

पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५९ पासून आहे. महिलांची सुरू व्हायला आणखी वीस वर्षे गेली; पहिली १९७९ मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थ येथे झाली आणि स्वित्झर्लंडने जिंकली. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या कर्लिंगला १९९८ मध्ये, नागानोला प्रवेश मिळाला. आता जागतिक स्पर्धेत तेरा संघ असतात, प्रत्येक संघ उरलेल्या बाराही संघांशी खेळतो आणि पहिले सहा पुढे जातात. इतक्या लांबलचक साखळीत नशिबाने एखाद-दुसरा सामना जिंकता येईल, पदक मिळत नाही. विजेत्यांची यादी म्हणूनच बरीचशी एकसुरी आहे: बहुतेक वेळा कॅनडा, स्वीडन किंवा स्वित्झर्लंड. सिल्व्हाना टिरिन्झोनीच्या स्विस संघाने तर २०१९ ते २०२३ या काळात, कोविडमुळे रद्द झालेली २०२० ची स्पर्धा सोडली, तर सलग चार विजेतेपदे घेतली. मग २०२४ आणि २०२५ मध्ये कॅनडाच्या रेचेल होमनने अंतिम सामन्यात त्याच संघाला हरवले. या मक्तेदारीला आशियातून पहिले खिंडार चीनने २००९ मध्ये पाडले. पण चीनचा मार्ग सरकारी यंत्रणेचा, आपल्याला न झेपणारा. आपल्या कामाची उदाहरणे कोरिया आणि जपानची आहेत.

दक्षिण कोरियातील उइसंग हा लसणासाठी ओळखला जाणारा ग्रामीण भाग. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्यापेक्षाही कमी. त्यातही म्हातारी माणसे जास्त, तरुण पोरे सोलला निघून गेलेली. तिथे २००६ मध्ये कर्लिंगचे सभागृह उभे राहिले. देशातले असे ते पहिलेच. पुढची कथा एखाद्या शाळेच्या वर्गात घडावी तशी साधी आहे. मुलींच्या शाळेत शिकणारी किम उन-जंग या खेळाकडे वळली, तिने किम योंग-मी या मैत्रिणीला ओढले. योंग-मीची धाकटी बहीण क्योंग-ए तिला काही वस्तू द्यायला सभागृहात आली आणि तिथेच रमली. मग क्योंग-एची वर्गमैत्रीण सन-योंग आली. हाच संघ २०१८ मध्ये प्योंगचांगच्या ऑलिम्पिकमध्ये उतरला. साखळीत त्यांनी कॅनडा, स्वित्झर्लंड, ब्रिटन, स्वीडन अशा सगळ्या जुन्या घराण्यांना हरवले, उपांत्य फेरीत जादा एंडमध्ये जपानला ८-७ असे नमवले आणि अंतिम सामन्यात स्वीडनकडून हरून रौप्यपदक घेतले. गंभीर चेहऱ्याची, गोल चष्म्याची स्किप सामनाभर ‘योंग-मी!’ अशा आरोळ्या ठोकायची. आवाजाच्या चढउतारावरून घासायचे की थांबायचे हे योंग-मीला कळायचे. त्या एका हाकेने कोरिया वेडा झाला. ‘लसणाच्या पोरी’ हे टोपणनाव वर्तमानपत्रांनी दिले; मुलींना ते फारसे रुचले नव्हते, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे वाटत नाही. ती लाट ओसरल्यावरही संघ टिकला: २०२२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि स्वित्झर्लंडकडून अवघ्या एका गुणाने हार खाल्ली.

जपानची गोष्ट याहून जुनी. होक्काइडो बेटाच्या ईशान्येला ओखोत्स्क समुद्राकाठी तोकोरो हे शिंपल्यांच्या मासेमारीवर जगणारे गाव आहे. २००६ पासून ते कितामी या कांद्याच्या शहरात विलीन झाले. १९८० च्या सुमारास युजी ओगुरी या गावकऱ्याने कॅनडाकडून आलेल्या माहितीवरून हा खेळ गावात रुजवला. ग्रॅनाइटचे दगड नव्हते, तेव्हा बिअरची पिंपे आणि गॅसची छोटी सिलिंडरे वापरून दगड बनवले गेले. १९८८ मध्ये गावात बंदिस्त सभागृह बांधले गेले आणि पुढे गावातल्या शाळांच्या शारीरिक शिक्षणाच्या तासातच कर्लिंग आले. इथे वाढलेल्या मारी मोतोहाशीने २०१० मध्ये आपल्याच भागातल्या मुली गोळा करून ‘लोको सोलारे’ हा संघ काढला. त्याने २०१६ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणि २०२२ मध्ये रौप्य मिळवले. म्हणजे पहिल्या घरगुती दगडापासून पहिल्या ऑलिम्पिक पदकापर्यंत सुमारे अडतीस वर्षे. मधल्या काळात दोन पिढ्या तिथे खेळल्या आणि त्यातल्या बहुतेकांना कोणी ओळखत नाही.

या दोन गावांमध्ये विलक्षण गुणवत्तेचे काही खास वाण होते असे मानायला आधार नाही. समान आहेत त्या गोष्टी साध्या आहेत. खेळ असा निवडला, की देशात त्याला गर्दी नव्हती. जागा कायमची होती. शिकवणारा माणूस बदली होऊन जाणारा नव्हता. आणि दार शाळेतून उघडत होते. गर्दी नसण्याचा फायदा मुलींना दुप्पट होतो. जिथे पुरुषांची जुनी परंपरा, त्यांचे संघ, त्यांचे प्रेक्षक आणि त्यांचाच पैसा असतो तिथे मुलींना उरलेल्या वेळात मैदान मिळते. नव्या खेळात सगळेच एका रेषेवरून निघतात. २०१८ आणि २०२२ च्या ऑलिम्पिकमध्ये कोरिया आणि जपानला सांघिक कर्लिंगची जी पदके मिळाली ती सगळी महिलांनीच मिळवलेली, हा मला योगायोग वाटत नाही.

आता बुलढाण्याकडे येऊ. इथे बर्फाऐवजी धनुष्यबाण आहे, पण नेमाचा खेळ, कमी गर्दी आणि हट्टी शिक्षक हे तिन्ही तेच. प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली शिकलेला बुलढाण्याचा प्रथमेश जवकार मे २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषक स्पर्धेत कम्पाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात उभा होता तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि समोर जगातला अव्वल मानला जाणारा नेदरलँड्सचा माइक श्लोसर होता. प्रथमेशने तो सामना १४९-१४८ असा जिंकला. हे आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. पन्नास मीटरवर निशाणा, त्यातले दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटरचे. पंधरा बाण, कमाल दीडशे गुण. म्हणजे पंधरापैकी चौदा बाण त्या आठ सेंटिमीटरच्या आत आणि उरलेला एक किंचित बाहेर. कम्पाउंड धनुष्याच्या टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ओढली की ती चाके फिरून भार हलका करतात, म्हणून नेम धरायला अवधी मिळतो. भिंगातून निशाणा दिसतो, पातळी दाखवणारा बुडबुडा असतो, दोरी बोटाने नव्हे तर छोट्या यंत्राने सुटते. इतकी सोय असल्यामुळेच इथे एका बाणाची चूकही माफ होत नाही. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश यांनी सांघिक सुवर्ण घेतले. त्याआधी २०१९ मध्ये बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी चीनमधल्या चेंगडू येथील जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीची दोन सुवर्णे आणि एक कांस्य आणले होते. ही स्पर्धा गणवेशातल्या कर्मचाऱ्यांपुरती असते, तिला खुल्या जागतिक अजिंक्यपदाच्या तोडीची म्हणता येणार नाही. पण जिल्ह्याच्या मुलींना ‘आपल्यातली एक’ दिसली ती तिथे. कनिष्ठ गटात भारताकडून खेळलेला मिहीर अपार हाही याच गावचा. एका खेळात, एकाच गावातून, काही वर्षांच्या अंतरात अशी नावे येतात तेव्हा त्याला नशीब म्हणणे अवघड होते.

महिलांच्या खुल्या जागतिक स्पर्धेचे महाराष्ट्रातले उदाहरण साताऱ्याचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी, ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांनी मेक्सिकोला हरवून कम्पाउंड सांघिक सुवर्ण जिंकले. जागतिक तिरंदाजी अजिंक्यपदात भारताचे ते पहिलेच सुवर्ण, आणि तेही मुलींनी आणलेले. दुसऱ्याच दिवशी सतरा वर्षांची अदिती वैयक्तिक विजेती झाली. तिचे वडील शिक्षक. शेरेवाडीहून साताऱ्याला बिऱ्हाड हलवले ते मुलीला खेळता यावे म्हणून. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या ज्या केंद्रात ती घडली, तिथेच शिकायला ओजस नागपूरहून आला होता. उपराजधानीतला मुलगा साताऱ्याला येतो, हा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. शहर मोठे की लहान हे महत्त्वाचे असते तर हा प्रवास उलट्या दिशेने झाला असता.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की जिंकलेली गावे तेवढी तुम्ही मोजता; ज्या गावांनी असेच केले आणि हात रिकामे राहिले, त्यांचे काय? आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. देहरादूनला २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी आंतरराष्ट्रीय मापाचे बर्फाचे सभागृह बांधले; स्पर्धा झाली आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ बंद पडून राहिले, पुन्हा नांदते झाले ते २०२५ मध्ये. पैसा होता, इमारत होती, रोज सकाळी तिथे येणारी पोरे आणि त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. म्हणजे माझा मुद्दा इमारतीचा नाहीच. आपल्याकडे क्रीडा धोरण म्हणजे संकुलाचे भूमिपूजन अशी समजूत आहे. उइसंग आणि तोकोरोत सभागृहाइतकेच मोल शाळेतल्या तासाला होते. पदकाची हमी कोणतेच गाव देऊ शकत नाही. पण चाळीस खेळांना थोडे थोडे वाटून काहीच न मिळण्याची खात्री मात्र जवळपास असते, आणि ती आपण वर्षानुवर्षे अनुभवतो आहोत.

दुसरा आक्षेप पैशाचा. कोरिया, जपान श्रीमंत. आपल्या शेतकऱ्याच्या मुलीने लाखांच्या घरात जाणारे कम्पाउंड धनुष्य कुठून आणायचे? इथे तिरंदाजीला एक सोय आहे जी कर्लिंगला नाही. शालेय पातळीवर ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार असतो. त्यात बांबू-लाकडाचे साधे धनुष्य चालते. शंभर मुलींच्या हाती ते द्यायला फार खर्च नाही, आणि त्यातून ज्या दोन-तीन जणी टिकतील त्यांच्यासाठी महागड्या साधनाची तजवीज जिल्ह्याला, एखाद्या पतसंस्थेला किंवा लोकवर्गणीला जड जाऊ नये. तोकोरोने बिअरच्या पिंपांवर सुरुवात केली ती याच हिशेबाने. आज अडचण उलटी आहे: महागडे धनुष्य घेऊ शकणाऱ्या घरातलीच मुले पुढे येतात, आणि मग आपण त्यांच्या घरच्यांनी काढलेल्या कर्जाचे कौतुक करतो. कर्जाचे कौतुक हा व्यवस्थेचा पराभव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. राहिला कबड्डी-खोखोवर अन्यायाचा मुद्दा. ते खेळ गावोगाव आपल्या बळावर जगतात, त्यांना जिल्ह्याने हात काढून घेतल्याने धक्का बसेल इतके जिल्ह्याने आजवर त्यांना दिले आहे कुठे?

खरा गंभीर आक्षेप तिसरा आहे आणि तोही उइसंगमधूनच येतो. ऑलिम्पिक रौप्यानंतर नऊ महिन्यांत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्याच मुलींनी जाहीर तक्रार केली: प्रशिक्षक आणि ज्या कुटुंबाच्या हाती तिथले कर्लिंग होते ते आपल्याला शिवीगाळ करतात, बक्षिसाच्या पैशाचा हिशेब देत नाहीत, खासगी आयुष्यात ढवळाढवळ करतात. सरकारी चौकशीत यातले बरेचसे खरे निघाले. पुढे हा संघ उइसंग सोडून गांगनुंग शहराकडून खेळू लागला. एक गाव, एक सभागृह, एक गुरू ही रचना जितकी फलदायी, तितकीच धोक्याची आहे. कारण मुलीला दुसरीकडे जायला दारच नसते. आपल्याकडे तर गुरूविषयी तक्रार करणे हेच मुळात पाप समजले जाते. म्हणून हट्टी शिक्षक हवा म्हणताना त्याच्या हातात पैसा, निवड आणि वसतिगृह या तिन्हींच्या चाव्या नकोत. बक्षिसाची रक्कम थेट खेळाडूच्या खात्यात जावी, निवड बाहेरच्या माणसांनी करावी, आणि मुलींच्या सरावाच्या जागी एखादी जबाबदार बाई कायम असावी. यातले काहीही खर्चिक नाही. चांगल्या प्रशिक्षकाला याचा राग येण्याचे कारण नाही. उलट उद्या कोणी खोटा आळ घेतला तर हीच व्यवस्था त्याच्या बाजूने उभी राहते.

पुढचा अडथळा बावीस-तेवीस वर्षांच्या वयात येतो. मुलगा तेव्हा नेमात येत असतो. मुलीचे स्थळ पाहणे सुरू होते. कर्लिंग आणि तिरंदाजी या दोन्ही खेळांत वयाने फारसे बिघडत नाही, अनुभव उलट कामी येतो. मोतोहाशी २०१५ मध्ये आई झाली आणि २०१८ च्या पदकविजेत्या संघात होती. म्हणजे अडसर शरीराचा नाही, घरच्यांच्या हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबात नोकरीचे वजन सर्वांत जास्त पडते. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. मोनाली जाधव पोलिसात होत्या, पगार होता, म्हणून चेंगडूपर्यंतची वाट त्यांना चालता आली असे मानायला हरकत नसावी. एखाद्या आईबापाला ‘मुलीला खेळू द्या’ असे दहा भाषणांतून सांगण्यापेक्षा नेमणुकीचा एक कागद वेळेत हाती पडला, तर जास्त काम होते.

कम्पाउंड ऑलिम्पिकमध्ये नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असे कालपरवापर्यंत विचारता येत होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मात्र कम्पाउंडचा मिश्र सांघिक प्रकार असणार आहे: एक पुरुष, एक स्त्री. पुरुषाच्या जागेसाठी बुलढाण्याने एक दावेदार दिला आहे. स्त्रीच्या जागेसाठी देशात ज्योती सुरेखा, परनीत, साताऱ्याची अदिती यांच्यात चुरस आहे आणि त्यात या जिल्ह्यातले नाव आज ठळक नाही. आता सातवी-आठवीत असलेल्या मुलींपैकी कोणाला २०३२ किंवा २०३६ साठी त्या रांगेत उभे करायचे असेल, तर पाच वर्षांत घाई करून ते होणार नाही. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरच्या शाळांमध्ये येत्या जूनपासून आठवड्याचे दोन तास आणि वीस-वीस बांबूची धनुष्ये, एवढ्यापासून आरंभ करता येईल.